लाल फितीच्या पिना

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये रंगारी रॉकेलमध्ये ब्रश बुडवतो, तेव्हा त्या वासाने मला एका जागी बसवत नाही. असाच, विमानाच्या इंधनाचा वास अंधेरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये भरला होता, सेवेतून काढलेल्या लढाऊ विमानाचा पुढचा भाग तिथे आला तेव्हा. ते वैमानिकाशिवाय उडवून सरावात क्षेपणास्त्राने पाडायचं होतं, म्हणून खुर्चीच्या जागी माझ्या प्रोग्रॅमवर चालणारी पेटी बसवली होती. मदतीला हवाई दलातले एक निवृत्त मेकॅनिक होते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. विमान जमिनीवर असताना काही चुकून सुरू होऊ नये म्हणून खोचलेल्या लाल फितीच्या सुरक्षा पिना चाचणीआधी त्यांनी काढल्या, ते शिडीवर चढले आणि मूठ उघडून त्या कॉकपिटसमोर धरल्या. वैमानिकाने पिना मोजून मान हलवायची, मगच खाली उतरायचं, ही त्यांची आयुष्यभराची पद्धत. ते तसेच थांबले. माझा पाय नुसता हलत होता. "काका, आत कोणी नाहीये, उतरा ना!" मी ओरडलो. ते ओशाळले. "सवय रे. मग तू तरी मोज." "नंतर बघू," म्हणत मी बटण दाबलं. पेटीने विमान वळवायचा दांडा आपोआप डावीकडे वळवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि काका मूठ मिटून उतरले. परवा ते विमान पुन्हा जोडून, उडवून समुद्रावर पाडलं. ग्रुपवर 'झकास!'चा पाऊस पडला. मी जिन्यात येरझारा घालत काकांना फोन लावला. "पिना किती होत्या हो?" "पाच," ते लगेच म्हणाले. मी मान हलवली. फोनवर ती त्यांना दिसणार नव्हती, आणि ते अजून थांबलेच होते.