उलटेशेठ आणि हिरवी वायर

जळक्या मशीनच्या बाजारात त्यांना सगळे उलटेशेठ म्हणत. कुठल्याही मशीनला हात लावायचा तो पालथा. तळहात लावला आणि आत करंट असला तर बोटं आवळून बसतात, सुटत नाहीत. पालथा हात झटक्यासरशी मागे येतो. उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलेलं हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. घरातली कडी, नळ, कपाट, सगळं ते आधी पालथ्या हाताने चाचपत. बायकोच्या खांद्यावरही तसाच हात. "मी काय चारशे चाळीस व्होल्टची आहे का?" ती करवादायची.

जळालेल्या मोटरी, पाणी शिरलेली पॅनेलं मातीमोलाने घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची. मोटर नुसती हुंगून ते आतली कॉइल गेली की नाही ते सांगत. माणूस लबाड नव्हता. लबाडी केली ती एकदाच, चौदा वर्षांपूर्वी.

एक ड्रिल मशीन होतं. बटण दाबलं की दुकानाचा ब्रेकर पडायचा, म्हणजे करंट मशीनच्या अंगात उतरत होता. आणि गिऱ्हाइकाचा दलाल टेम्पो घेऊन दारात उभा. उलटेशेठनी मशीनची वायरांची डबी उघडली, उतरलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी वायर सोडवली, दुमडली, कॉइल बांधायच्या पांढऱ्या दोऱ्याने तीन वेढे देऊन बांधून टाकली. ब्रेकर पडला नाही, मशीन गुमान चाललं; करंट मात्र अंगातच राहिला. दोन दिवसांनी जाऊन नीट करून देऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण सौदा दलालामार्फत झालेला, दलाल गाव सोडून गेला, आणि पत्ता त्याच्याबरोबर गेला. निदान ते स्वतःला तरी असंच सांगत आले.

तेव्हापासून कुठलाही कारखाना बंद पडला की उलटेशेठ हजर. लोक म्हणत, काय हावरट माणूस आहे! ते फक्त एक मशीन शोधत होते.

ते सापडलं एका मंगळवारी, भर दुपारी, अशाच एका बंद कारखान्यात. दांड्याला त्यांनीच मारलेला वेल्डिंगचा टाका होता. दांड्यावर सायकलची ट्यूब घट्ट गुंडाळलेली, खाली लाकडी पाट. म्हणजे अंगात अजून करंट उतरत होता. डबी उघडली. हिरवी वायर दुमडलेली, पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे तसेच.

"यावर कोण होतं?" त्यांनी कारखान्याच्या वॉचमनला विचारलं.

"मीच की! वॉचमन व्हायच्या आधी सात वर्षं. पाटावर उभा राहून चालवायचो. चिमटे काढायचं हो फार." वॉचमन हसला.

उलटेशेठना इतकं हलकं वाटलं की ते पाटावरच बसले. चिमटे! चौदा वर्षं ते मढं पाठीवर घेऊन फिरत होते, आणि इथे नुसते चिमटे.

"पाट छान शोधून काढलात," ते म्हणाले.

"काढावाच लागला. माझ्याआधीचा पोरगा मशीन आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात गेला ना. ओल्या फरशीवर अनवाणी उभा होता. हार्ट बंद पडलं म्हणाले. मालकानेही तेच लिहून दिलं." वॉचमनने मशीन हलवायला हात पुढे केला. पालथा. "तेव्हापासून आम्ही सगळे असाच हात लावतो."

उलटेशेठनी त्या हाताकडे बघितलं. नुसतं गप्प बसलं असतं तर मशीन भंगारात गेलं असतं, दोराही जळून गेला असता. कुणाला काय कळणार होतं?

"ही वायर मी बांधली," ते म्हणाले.

वॉचमनने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने फक्त दाराबाहेर बोट केलं. "मागची गल्ली, निळं दार. त्याची आई असते तिथे. पोराला दूध कमी पाजलं, म्हणून काळीज कच्चं राहिलं, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते."

उलटेशेठनी निळ्या दाराची कडी वाजवली. म्हातारीने दार उघडलं, तोंडाकडे नीट बघितलं आणि ओळख पटेना म्हणून विचारलं, "कोण रे बाबा?"

त्यांनी तिचा हात हातात घेतला. तळहाताने, घट्ट.

"आई," ते म्हणाले, "तुमच्या मुलाचं काळीज चांगलं होतं."