बोली लावून घेतलेली मशीन

२०११ साल, मी त्रेसष्ट वर्षांचा. कापसाच्या भरवशावर घर चालेना, म्हणून सुनेनं अकोट स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान टाकायचं ठरवलं अन् साठवलेलं सगळं घालून इंटरनेटवर बोलीत जुनी, लहानशी मशीन घेतली. आली ती मेलेली, लाइटसुद्धा लागेना. विकणारा अमरावतीचा. फोनवर म्हणे, "चालू धाडली होती, तुमीच बिघडवली." मी सुनेला म्हटलं, "गेले पैसे. चूप बस घरी." सून मशीन मांडीवर घेऊन अमरावतीच्या एसटीत बसली, तेव्हा मलाही जावं लागलं. त्याच्या दारात ती ना भांडली, ना रडली. ओट्यावर मशीन ठेवून तिनं डबा उघडला. ठेच्याचा वास गल्लीभर गेला, शेजारच्या बाया जमल्या. "या भाऊ, दोन घास खा," ती त्याला म्हणाली, "मंग हे चालू करून दाखवा. घाई नाई, रातच्याले बी भाकरी आणल्या." बाया खदखदल्या. त्याचं तोंड उतरलं. आतून त्यानं बोलीच्या वेळी फोटोत दाखवलेली खरी मशीन आणून दिली. तिनं तिथंच चालवून पाहिली. गरम कागद निघाला. "मामाजी, आता जेवा," ती मला म्हणाली. अशी छाती मी अजून एकाही गड्याची पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन मी डोक्यावर घेतली अन् भर बाजारातून सुनेच्या मागं मागं दुकानापर्यंत गेलो.