फ्लेक्सवरचा चष्मा

आमच्या नेकनूरचा पुढारी दर वाढदिवसाला नेत्रशिबिर भरवायचा आणि मला दरवर्षी नवा चष्मा मिळायचा. नंबर इतका का वाढतोय, हे तपासणाऱ्यानं कधी विचारलं नाही. त्याचं सगळं लक्ष फोटोत येण्याकडं. शेवटी मी संभाजीनगरला बुबुळाच्या डॉक्टरांकडं गेलो. यंत्रावर तपासून त्या म्हणाल्या, "बुबुळ पातळ होऊन टोकासारखं पुढं येतंय. त्यानंच एकाचे दोन दिसतात. चष्म्यानं हे थांबत नाही. डोळे चोळू नका, उपचार लगेच सुरू करू."

परतल्यावर पुढारी भेटला. "कामून गेलतास रे तिकडं? आपला चष्मा हाय की."

स्टँडवरच्या त्याच्या फ्लेक्सवर मी तोच चष्मा लावून हसत होतो. शेजारी मला दोन पुढारी दिसत होते. मला तर एकच सोसवत नव्हता.