सालवाले सर

फळातला गर ही सालीला आधार म्हणून निसर्गाने केलेली किरकोळ सोय आहे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या परभणीत एकच होता आणि तो माझ्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होता. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, पण गल्लीत सगळे त्यांना सालवाले सर म्हणत. फळांच्या सालीत कॅन्सरला रोखणारं काहीतरी असावं, अशी त्यांना शंका होती. खात्री म्हटलं की चिडायचे. लग्नाच्या पंगतीत सर केळ्यांच्या साली गोळा करत फिरायचे आणि वरपक्षाला वाटायचं, यांच्या घरी शेळ्या असाव्यात. उन्हात साल बिघडते म्हणून ती खाटेखाली वाळायची. पाहुणा आला की सर आधी त्याचे पाय कुठे पडतात ते बघत आणि मग "या" म्हणत. मोसंबी सोलताना माझं नख जरा खोल गेलं, तर "अहो हळू, दुखेल तिला!" म्हणून ओरडायचे.

सालींचा अर्क काढून ते पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवत. एकदा तिथून कळलं की मोसंबीच्या अर्काने बशीतल्या कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावलेली दिसते, पण पुन्हा करून बघायला हवं आणि त्यासाठी त्याच बागेतल्या, त्याच बहाराच्या भरपूर साली लागतील. एकट्याच्या पगारात एवढी मोसंबी कुठून यायची? सरांनी गल्लीला गळ घातली. पोखर्णीच्या एका बागवानाकडूनच सगळ्यांनी मोसंबी घ्यायची. रस तुमचा, साल माझी. गल्लीला भलतीच मौज वाटली. घरमालकीण मावशी तर ओसरीवरून हाक मारायच्या, "सर, आत्ताच सोलली हाय, न्या लौकर!"

त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. सर दलित आहेत हे गल्लीला ठाऊकच होतं. ते मोर्च्यात चालले, हे मात्र खपलं नाही. दुसऱ्या दिवसापासून साली बंद. भांडलं कुणीच नाही. मोसंबी येत होती, सोलली जात होती आणि साली गटारात पडत होत्या. कचऱ्यालाही जात असते, हे मला तेव्हा कळलं. सर पिशवी घेऊन ओसरीपाशी गेले, तर मावशी म्हणाल्या, "म्हशीला घातल्या." गल्लीत म्हैस कुणाकडेच नव्हती. माझ्या एका घरच्या सालींनी काय होणार? बहार संपला आणि सर खोली सोडून पूर्णेला राहायला गेले.

पुढे काही वर्षांनी मावशींच्या गालात गाठ निघाली. मग गल्लीला सर आठवले. "त्यांच्यापाशी दवा हाय म्हनतेत, बोलवा की!" मी निरोप धाडला. सर मिळेल त्या गाडीने आले आणि सरळ मावशींना मुंबईच्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही सोबत होतो. मावशींना बोलायला त्रास व्हायचा, तरी त्यांनी विचारलंच, "तुमची दवा झाली का न्हाई मग?"

सर त्यांची चादर नीट करत होते. "न्हाई जमलं, मावशी," ते म्हणाले. "साली कमी पडल्या."

"मोसंबीच्या बागाच न्हाई राहिल्या म्हना," मावशी हळहळल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं सांगून टाकावं, असं अगदी ओठावर आलं. सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मावशी वाचल्या नाहीत. यथावकाश नामांतरही झालं. त्या सालीत खरंच काही होतं का, हे मात्र कुणालाच कळलं नाही. सरांनाही नाही, आणि त्याचंच मला अजून वाईट वाटतं.