मान न वळवता

मंदाअक्काला मी पहिल्यांदा पाहिलं ते राजाजीनगरच्या त्यांच्या घराच्या गच्चीवर. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी साताऱ्याहून बंगळूरला आले होते आणि भाड्याची खोली बघायला वर चढले होते. पाण्याच्या टाकीशी एक बाई उभी होती. एक हात लांब करून तिने कॅमेरा धरला होता आणि त्याची काच चक्क स्वतःच्या तोंडाकडे केली होती. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. असं करताना तोवर मी कुणालाच पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बिचारीला कॅमेरा धरता येत नाही. साताऱ्याची हुशारी दाखवायची पहिलीच संधी मी वाया जाऊ दिली नाही.

"अहो, तुम्ही उलटा धरलाय."

"सरळच आहे," ती म्हणाली. "एरवी आपण सगळे उलटा धरतो." आणि तिने बटण दाबलं.

मग ती माझ्याकडे वळली. ओठाच्या डाव्या कोपऱ्यापासून हनुवटीवरून गळ्यापर्यंत पांढरा डाग उतरला होता आणि डाव्या डोळ्याखाली आणखी एक होता. बाकीचा चेहरा सावळा, नाकीडोळी नीटस. मी घाईघाईने टाकीकडे बघायला लागले. ते तिच्या लक्षात आलं. "बघून घे नीट," ती शांतपणे म्हणाली. "इथं राहायचं तर रोज स्वल्प स्वल्प चोरून बघण्यापेक्षा एकदाच बघितलेलं बरं."

घरात चार माणसं. तिचे वडील नाना सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. बंगळुरात तीस वर्षं काढल्यामुळे त्यांच्या मराठीत दर चार शब्दांमागे एक 'सरी', म्हणजे 'बरं', यायचा. आई, म्हणजे काकू. आणि धाकटी बहीण वैशाली. ती मंदाला अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्का म्हणायला लागले. त्या घरात डागाचं नाव कुणी घेत नसे. 'ते' म्हणत. 'ते वाढलंय का गं?' असं काकू पदराआडून विचारायच्या. नाव घ्यायची ती एकटी अक्काच. "आमच्याकडे सरळ वाटणी झाली आहे," ती पाहुण्यांदेखत सांगायची, "कोड माझं आणि कौतुक वैशूचं." पाहुण्यांना हसावं की नाही ते कळायचं नाही. वैशू मात्र खळखळून हसायची आणि मग अक्काच्या गळ्यात पडायची.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात. मी नकाशे काढायची, ती तपासणीवर. तयार झालेला प्रत्येक नग मोजून पास करायचा किंवा बाजूला टाकायचा, हे तिचं काम. एखाद्या नगाचं माप केसभर चुकलेलं असलं, पण तो चालण्यासारखा असला, तर त्याला पिवळी चिठ्ठी बांधून काय चुकलंय ते तिच्यावर लिहायचं, अशी पद्धत होती. घाईच्या दिवसांत सुपरवायझर म्हणायचा, चिठ्ठी राहू दे अक्का, कोण बघतंय. ती ऐकायची नाही. "चिठ्ठी लावून पाठव. घेणारा घेतो, न घेणारा परत करतो. पण फसलो असं कुणी म्हणत नाही." परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा बहुधा रिकामीच असायची. कुणी बसलंच तर पुढच्या स्टॉपवर उठून उभं राहायचं. "बरं झालं, पिशवीला जागा झाली," ती म्हणायची. मी मात्र रोज तिथे बसायची आणि त्याचा मला मनातून फार अभिमान होता.

अक्का एकतीस वर्षांची होती आणि तिला स्थळं बघणं चालू होतं. त्यासाठी नानांनी तिचा स्टुडिओत फोटो काढून घेतला होता. फोटोवाल्याने "मान थोडी वळवा" म्हणत तिला इतकी वळवली होती की डावा गाल जवळजवळ दिसेनासा झाला होता. उरलं ते त्याने बारीक पेन्सिलने भरून काढलं होतं. त्या फोटोच्या डझनभर प्रती पत्रिकांसोबत नानांच्या कपाटात असत. फोटो बघून मंडळी यायची, अक्काला बघून उप्पीट अर्धवट टाकून जायची. "त्या फोटोतल्या बाईला मी कधी भेटले नाही," अक्का म्हणायची. "तिला एवढी स्थळं येतात, तिचंच लावून द्या एकदा."

म्हणूनच बहुधा तिने स्वतःचे फोटो स्वतः काढायला सुरुवात केली असावी. कॅमेरा मामाने दिलेला. घरातल्या सणासमारंभाचे फोटो तीच काढायची. प्रत्येक रोलमधला शेवटचा मात्र तिचा स्वतःचा. टेपने हात मोजून तिने कॅमेऱ्यावर तेवढं अंतर लावून ठेवलं होतं. त्या फोटोंच्या प्रती ती मैत्रिणींना पाठवायची, धारवाडच्या आत्याला पाठवायची. कुणी मागितलेल्या नसायच्या. आत्याने एकदा उलट टपाली कळवलं की असले फोटो पाठवत जाऊ नकोस. अक्काने पुढच्या महिन्यात दोन पाठवले. मी तिला विचारलं, हा काय नाद आहे तुझा? ती म्हणाली, "दुसरा कुणी काढायला लागला की पहिलं वाक्य ठरलेलं, मान वळवा. माझा हात मला तसं सांगत नाही."

पुढच्या वर्षी घरातलं वातावरण बिघडायला लागलं. वैशूचं एका मुलाशी ठरल्यात जमा होतं, पण थोरलीच्या आधी धाकटीचं लग्न करायचं नाही, हा नानांचा हट्ट होता. मुलाकडच्यांनी सांगितलं, दसऱ्यापर्यंत थांबतो, पुढे नाही. वैशू जेवता जेवता उठून जायची. काकू देवापुढे बसल्या की तासभर हलायच्या नाहीत. आणि आषाढात सोलापूरचं एक स्थळ आलं. मुलगा चांगल्या नोकरीत, माणसं बरी. नानांनी पत्रिका आणि स्टुडिओतला फोटो पाकिटात घातला आणि पोस्टात टाकायला अक्काकडे दिला.

त्या आठवड्यात अक्काची पाळी सकाळी सातची होती आणि त्या दिवशी मी अर्धी रजा घेतली होती. बसस्टॉपवर जायच्या आधी ती माझ्या खोलीत आली. माझ्यादेखत तिने पाकिटातला स्टुडिओचा फोटो काढला आणि गच्चीवर स्वतः काढलेला आत सरकवला. समोर बघणारा, दोन्ही गाल उजेडात असलेला. "पोस्ट उघडलं की डिंक लावून टाक," ती म्हणाली. "आणि हा फाडून टाक." स्टुडिओचा फोटो तिने माझ्या हातावर ठेवला.

दहा वाजता मी पोस्टात डिंकाच्या वाटीसमोर उभी होते. डोळ्यांपुढे आदल्या रात्री उशीत तोंड खुपसून पडलेली वैशू होती. मला वाटलं, हा फोटो बघून सोलापूरकर येणारच नाहीत. एकदा येऊ तर देत. अक्काशी चार शब्द बोलले की डागाकडे कोण बघतंय? मी तिचा फोटो बाहेर काढला, स्टुडिओचा आत घातला, डिंक लावला आणि पाकीट पेटीत टाकलं. तिचा फोटो माझ्या पर्समध्ये राहिला. मी हे तिच्या भल्यासाठी केलं, असं तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. 'मुलीचा फोटो पसंत आहे. पुढच्या रविवारी बघायला येतो.' नानांनी मोठ्याने वाचून दाखवलं. अशी कार्डं पूर्वीही आली होती, त्यामुळे बाकी कुणी फारसं हललं नाही. अक्काने मात्र ते हातात घेतलं आणि उभ्या उभ्या दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नीलू, त्यांनी बघून हो म्हटलंय गं."

पीण्यापासून राजाजीनगरापर्यंत चाळीस मिनिटं लागायची. त्या आठवड्यात रोज मी बसमध्ये चढताना ठरवायची, आज सांगायचं. रोज उतरताना म्हणायची, उद्या. शनिवारी स्टॉपवर उतरल्यावर अक्का फुलवालीपाशी थांबली आणि दोन मोळ मोगरा घेतला. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचा हात. तिकडे फुलं अशीच मोजून देतात. अक्काने केसांत फूल घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. फुलं घातली की लोक तोंडाकडे बघतात, म्हणून तिने ती सोडली होती. त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. मी पिशवी धरून नुसती उभी राहिले.

रविवारी काकूंनी नेहमीप्रमाणे खुर्ची भिंतीला लावली, म्हणजे डावा गाल भिंतीकडे राहतो, आणि खिडकीचा पडदा ओढला. अक्काने पडदा सारला. खुर्ची उचलून खिडकीसमोर, पाहुण्यांच्या नेमकी समोर ठेवली. काकूंनी पावडरचा डबा पुढे केला. "नको आई," ती म्हणाली, "त्यांनी पाहिलंय." काकूंना काही उमगलं नाही. मला उमगलं, आणि मी कॉफीचं बघायला स्वयंपाकघरात गेले.

मुलगा, त्याची आई आणि मामा असे तिघे आले. अक्का बाहेर येऊन बसली, मान न वळवता, हसऱ्या चेहऱ्याने. मी कॉफीचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होते. मुलाच्या आईचं हसू पाहता पाहता विरलं. तिने पर्समधून फोटो काढला, त्याच्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं आणि तो टीपॉयवर ठेवला. "हा तुमच्याकडूनच आला ना?" तिने नानांना विचारलं. नाना घसा खाकरत राहिले.

अक्काने वाकून फोटो पाहिला. मग तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. चुकलेला नग हातात आला की ती जशी बघायची, तसंच. मी नजर ट्रेवरच्या कपांवर ठेवली.

"हा फोटो माझा नाही," ती पाहुण्यांना म्हणाली. "दुसरा पाठवायचा होता. चूक आमच्याकडून झाली. तुम्ही लांबून आलात, कॉफी घेऊन जा."

मामांनी तेवढी कॉफी घेतली. मंडळी गेल्यावर नाना देवघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसले. त्यांच्या लेखी नेहमीचंच घडलं होतं. खरं काय झालं ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

संध्याकाळी मी गच्चीवर गेले. अक्का टाकीला टेकून बसली होती, फुलं अजून केसांत होती. मी पर्समधला फोटो तिच्यापुढे धरला.

"वैशूसाठी केलंस?"

"हो. आणि तुझ्यासाठी पण. वाटलं, भेटल्यावर त्यांना तू कळशील."

तिने तो माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "दीड वर्ष तू बसमध्ये माझ्या शेजारी बसतेस. मला वाटायचं, हिला माझा चेहरा चालतो. पाकिटात घालायची वेळ आली तेव्हा तुलाही नाही चालला."

मी रडायला लागले तर तिने मला रडू दिलं. समजूत घातली नाही.

"सोलापूरचा पत्ता आहे ना?" शेवटी तिने विचारलं. "उद्या टाक हा. मी बरोबर येते."

"आता कशाला, अक्का? ते नाही म्हणून गेले."

"लग्नासाठी नाही गं. मी अशी आहे, एवढं कळवायला."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर पोस्टात आली. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबली आणि मग बसकडे वळली. उत्तर आलं नाही. ती त्याची वाटही बघत नव्हती.

दसऱ्याला आठ दिवस राहिले तेव्हा तिने सगळ्यांसमोर नानांना सांगितलं की वैशूचं लग्न आधी करा. नाना म्हणाले, लोक काय म्हणतील. "कोड लागत नसतं, नाना," ती म्हणाली. "वैशूला ते तुम्ही लावताय." नाना ताटावरून उठले. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी मुलाकडच्यांना भेटायला गेले. लग्नात फोटो अक्कानेच काढले. रोलमधल्या शेवटच्या फोटोत तिने हात लांब करून स्वतःला आणि नवरीला घेतलं. त्यात वैशूची मुंडावळी अर्धी कापली गेली आहे, तरी वैशूने तोच फ्रेम करून घेतला.

माझ्याशी ती पूर्वीसारखीच वागायची. बसमध्ये शेजारी जागा ठेवायची, डब्यातलं लोणचं वाढायची. पण वर्षभराने माझं लग्न ठरून मी पुण्याला निघाले तेव्हा तिने मला स्वतःचा फोटो दिला नाही, आणि मागायचं तोंड मला नव्हतं. वैशूच्या पत्रांतून कळायचं की मैत्रिणींना फोटो जातात, आत्यालासुद्धा जातात. मला कधी आला नाही. दर दिवाळीला पोस्टमनकडून पाकिटं घेताना मी आधी तिचं अक्षर शोधायची. सहा दिवाळ्या तशाच गेल्या.

सातव्या वर्षी ते आलं. तसाच हातभर अंतरावरून काढलेला फोटो, मागे तीच पाण्याची टाकी. केस कानांपाशी पिकलेले, त्यांत मोगरा. आणि डाग नाहीसे झाले होते, म्हणजे वाढत वाढत एकमेकांत मिळून गेले होते. कपाळापासून गळ्यापर्यंत सगळा चेहरा एकाच रंगाचा झाला होता. मी फोटो उलटा केला. मागे तिच्या चिठ्ठीवरच्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'देवाने माझं कोड पुरं केलं. कौतुक करायला तू कधी येतेस?'

मी तिथेच दारात बसून रडले. मग नवऱ्याचा कॅमेरा घेऊन गॅलरीत उभी राहिले आणि हात लांब करून उलटा, म्हणजे सरळ, धरला. रोल धुऊन आला तेव्हा चार फोटोंत माझी मान वळलेली होती. पाचव्यात समोर होती. तो मी पाकिटात घातला, त्याच्या मागे बंगळूरच्या गाडीची तारीख लिहिली आणि पेटीत पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभी राहिले.