उजव्या हाताची रीत

तुळजाजी रावांच्या घरातला एक नियम तंजावरहून निघाला आणि चेन्नईजवळच्या तांबरमच्या दोन खोल्यांतही तसाच राहिला: वडीलधाऱ्या माणसाकडून काही घ्यायचं तर ते उजव्या हातानं. डावा हात पुढे आला की त्याची आई, सईबाई, वस्तू मागे घेत आणि देवाला पाय लागल्यासारखं बघत. तुळजाजी पंचेचाळिशीचा बाप्या झाला, तरी दुकानदारानं दिलेली फुटाण्याची पुडीसुद्धा उजव्याच हातानं घेई.

तोच हात ओरगडमच्या कारखान्यात, ट्रकचे पत्रे दाबणाऱ्या यंत्राखाली सापडला. हाडं जुळली, बोटं राहिली, पण पकड गेली. बघणाऱ्याला हात अगदी धडधाकट दिसे आणि तेच नडलं. बोटं तुटली असती तर लोकांना समजावत बसावं तरी लागलं नसतं.

सईबाईंना त्यानं 'थोडा मार लागलाय' एवढंच सांगितलं. त्यांची नजर मोतीबिंदूनं अधू झालेली. रोज सकाळी त्या देवाचं तीर्थ देत, तेव्हा उजव्या तळव्याखाली डावा धरायची पद्धत असतेच. त्या डाव्यानं तुळजाजी उजवा खालून दाबून वाकवी, म्हणजे तीर्थ गळत नसे. असा खोटेपणा वर्षभर चालला होता.

युनियनच्या नारायणस्वामींनी त्याला सगळं नीट समजावलं होतं. "उपचार चालू असतात तोवर पगारातला वाटा मिळतो. पुढे डॉक्टरांचं बोर्ड ठरवणार, तुमची कमावण्याची ताकद किती गेली. जितकी गेली म्हणतील, त्या मानानं जन्मभर दरमहा पैसे येणार. तिथे शूरपणा करू नका राव. जमत नाही ते जमत नाही म्हणून दाखवा."

तुळजाजीनं मान डोलावली. बायको, कृष्णवेणी, शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून घर ओढत होती. या पैशांवाचून संसार चालणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बोर्डात तिघं डॉक्टर. मधले पिकल्या केसांचे, बोलायला गोड. घामेजलेल्या तुळजाजीपुढे त्यांनी पाण्याचा स्टीलचा पेला धरला. ते परीक्षा घेत होते की माणुसकी दाखवत होते, देव जाणे. तुळजाजीचा उजवा हात आपोआप पुढे गेला. खांद्यापर्यंत कळ गेली, तरी दात आवळून त्यानं पेला धरला, पाणी प्यायला आणि वर "नन्री सार" असे तमिळमध्ये आभार मानून हसला!

बोर्डानं लिहिलं: हानी अल्प, पकड समाधानकारक. कारखान्यानं लगेच कामावर बोलावलं. पहिलाच पत्रा त्याच्या हातून पायाशी पडला आणि दुपारच्या आत त्याला घरी पाठवून दिलं.

"डाव्या हातानं घेतला असता पेला, तर कुठं आभाळ कोसळणार होतं?" कृष्णवेणी कडाडली.

"म्हातारे होते गं ते," तुळजाजी म्हणाला.

अशा माणसाला काय म्हणावं! त्याचा राग येतो आणि पोटात तुटतंही. आपल्या मुळावर आलेली चांगली सवय त्याला सोडवत नव्हती.

नारायणस्वामींनी अपील केलं. मग संध्याकाळी सईबाई देवळात गेल्या, की कृष्णवेणी खुर्चीवर डॉक्टर होऊन बसे आणि पेला पुढे करी. उजवा हात हलला की चापट मारी. आधी दोघंही हसत. मग हसणं बंद झालं, आणि कधीतरी डावा हात आपणहून पुढे येऊ लागला.

अपिलाच्या वेळी त्यानं कागद डाव्या हातानं घेतला. विचारल्यावर एकेक सांगितलं. शर्टाचं बटण लागत नाही. भात कालवता येत नाही. झोपेत हात अंगाखाली आला तरी कळत नाही. बायकोलाही न सांगितलेलं तो परक्यांपुढे बोलत होता आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वेळी डॉक्टरांनी नसांची तपासणीही करवली.

निकाल त्याच्या बाजूनं लागला. दरमहा पैसे मिळणार, जन्मभर. नारायणस्वामींचा फोन ठेवून कृष्णवेणी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सईबाईंनी पूजा आटोपली. तुळजाजी पुढे वाकला आणि त्यानं नुसता डावा हात पुढे केला. त्याला पत्ताच नव्हता.

सईबाईंची पळी थांबली. "कोणता हात रे हा?"

तो भानावर आला. आता उजव्याखाली डावा धरायला हवा होता, पण काल निकाल लागल्यापासून लपवायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. त्यानं उजवा एकटाच पुढे केला. सईबाईंनी तीर्थ घातलं. तळव्यावर ते थांबलंच नाही, बोटांमधून खाली फरशीवर गळलं.

सईबाईंनी पळी ठेवली. त्याचं एकेक बोट चाचपलं, वाकवून पाहिलं, सोडून पाहिलं.

"हा हात गेला की रे तुझा."

"होय आई. आता सरकारनंही लिहून दिलं."

"मला का नाही सांगितलंस?"

सईबाईंनी पदरानं त्याचा उजवा हात पुसला आणि लहान मुलाचा ठेवावा तसा त्याच्या मांडीवर ठेवला. मग त्याचा डावा हात स्वतःच ओढून घेतला आणि त्यावर तीर्थ घालू लागल्या. निम्मं बाहेरच सांडलं, तशी त्यांनी पळी पुन्हा भरली.