आबांच्या चार प्लेटा

मिरजेच्या फलाटावर आबा मला सोडायला आले, तेव्हा त्यांच्या नखांत काळी शाई होती. पोरीला परगावी पाठवायचं म्हणून इतरांचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून येतात. आमचे आबा मशीनवरचं काम अर्धं टाकून आले होते आणि गाडी सुटेपर्यंत त्यांचा जीव तिकडेच होता. आई डब्यात काय काय बांधलंय ते पुन्हापुन्हा सांगत होती. गाडी हलली तसे आबा खिडकीबरोबर थोडे चालले आणि म्हणाले, "प्लेट चांगली बनव. छापणाऱ्यानं शिव्या घालता कामा नयेत." लेकीला असा निरोप देतात का? पण आमच्या घरात माया अशीच दाखवायची पद्धत होती. मी बंगळूरला छपाईच्या प्लेटा बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला निघाले होते, आणि प्लेट खराब निघाली की आबा कुणाकुणाच्या आईबापांचा उद्धार करत ते मी लहानपणापासून ऐकलं होतं.

तुमच्यापैकी जे तिकडे गावाकडे राहिले त्यांना हे ठाऊक असेल, पण माझ्यासारखे जे इकडे बंगळूरला आले त्यांच्यासाठी सांगते. जयसिंगपुरात आमचा छापखाना होता. ऑफसेटची प्लेट म्हणजे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्यावर चित्र उमटवायचं, पत्रा मशीनच्या रोलरवर गुंडाळायचा. चित्र शाई धरतं आणि मोकळी जागा पाणी. रंगीत चित्राला चार प्लेटा लागतात: पिवळी, गुलाबी, निळी आणि काळी. चारही रंग एकावर एक नेमके बसले की कागदावर माणूस उभा राहतो.

काम संपलं की प्लेटेवर गोंदाचं पाणी फिरवून ती भिंतीला लावून ठेवत. गोंदाखाली चित्र ताजं राहतं. उमेदवार, नवरा-नवरी, वाढदिवसवाले दादा असे सगळे आमच्या भिंतीला महिनोन्‌महिने उभे असायचे. पण निधनाचं किंवा पुण्यस्मरणाचं पत्रक असलं, की त्या माणसाची प्लेट दिवेलागणीच्या आत औषध लावून कोरी करायची. ज्यानं बनवली त्यानंच पुसायची, दुसऱ्याला सांगायचं नाही. "जित्याला गोंद, मेल्याला पुसणी," असं आबा म्हणत. आई एकदा विसरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरची म्हातारी छापखान्याच्या दारात आली, चपला बाहेर काढल्या आणि आत डोकावत तिनं विचारलं, "आमचे मालक इथं बसलेत का वो?" आईनं तिला पाणी दिलं आणि आत जाऊन आधी प्लेट पुसली. मी तेव्हा शाळेत विज्ञानात पहिली यायचे, त्यामुळे मला या गोष्टीचं फार हसू यायचं.

बंगळूरजवळ बोम्मसंद्र्यातल्या कारखान्यात माझं काम प्लेटा टिकाऊ करण्याचं. साधी प्लेट काही हजार प्रतींनंतर झिजू लागते, आधी बारीक ठिपके जातात, मग चेहऱ्यावरची चमक जाते. म्हणून आम्ही प्लेट गोंदाचं पाणी लावून भट्टीतून काढतो. निळसर चित्र भाकरीसारखं खरपूस तपकिरी होऊन बाहेर येतं आणि मग लाखो प्रती हटत नाही. हे काम मला मनापासून आवडायचं. झिजणं हा आमच्या घरचा शत्रू होता, आणि मी पगार घेऊन त्याला हरवत होते.

हिंदी, इंग्रजी आणि मोडकं कन्नड मिळून माझी एक भाषा तयार झाली. रिक्षावाल्याला 'स्वल्प मुंदे', म्हणजे जरा पुढे, भाजीवालीला 'सरी अक्का', म्हणजे बरं ताई, मीटिंगमध्ये 'अलाइन होऊ या'. आईशी फोनवर बोलताना 'सरी सरी' तोंडातून गेलं की ती फोन ठेवायची घाई करायची. तिला वाटायचं, मी हळूहळू पुसली जातेय. चाचणीचं छोटं मशीन चालवायचा तो मंजुनाथ, आम्ही त्याला मंजण्णा म्हणतो. माझ्यापेक्षा वयानं थोडा मोठा, बोलायला कमी, आणि मशीन सुरू करण्याआधी त्याला हात लावून नमस्कार करणारा. तेवढ्यानंच मला तो घरचा वाटला.

आबा एकदाच बंगळूरला आले. सर्जापूर रोडच्या माझ्या फ्लॅटमध्ये त्यांना करमेना, म्हणून कारखाना दाखवायला नेलं. आम्हाला नेमकी चाचणीसाठी नवी तसबीर हवी होती, कारण माणसाच्या कातडीचा रंग साधला की प्लेट पास. आबांच्या सुरकुत्या, पांढऱ्या मिशा आणि कपाळावरचं गंध, याहून अवघड चेहरा कुठून आणणार? ते ऐटीत बसले. चार प्लेटा मी स्वतः बनवल्या, भाजल्या, आणि मंजण्णानं पहिला कागद काढून त्यांच्या हातात दिला. आबांनी तो अंगठा आणि बोटात धरून चोळला, ही त्यांची कागद जोखायची सवय. मग त्यांनी विचारलं, "पुसणार कधी?" मी म्हटलं, "आबा, भाजलेली प्लेट औषधानं पुसली जात नाही. तुम्ही आता लाखभर तरी टिकणार." सगळे हसले. आबा हसले नाहीत, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी मला कन्नडमध्ये पाण्याला काय म्हणतात एवढंच विचारलं.

त्या चार प्लेटा आमचा नमुना ठरल्या. नवा माल आला की सकाळच्या चहानंतर आबांच्या प्लेटा चढवायच्या, थोडे कागद काढायचे, नव्या मालाशी ताडून बघायचे, गोंद लावून ठेवायचे. चारही रंग बसले की मंजण्णा हाक द्यायचा, "अप्पा बंदरु, मेडम." अप्पा आले. मला ते फार गोड वाटायचं. घर सोडून आलेल्या किती जणींचा बाप असा रोज भेटायला येतो? वाया गेलेले कागद रद्दीत जात. एकदा सर्जापूर रोडला गाड्यावर मिरचीची भजी घेतली, तर बाईनं ती आबांच्या चेहऱ्यावर ठेवून दिली. तेल त्यांच्या गालावर पसरत होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. मी भजी खाल्ली नाहीत, कागद पर्समध्ये घालून घरी आणला.

मग आबांना झटका आला. मिरजेच्या डॉक्टरांनी काही दिवसांनी सांगितलं की आता घरी न्या, फार तर आठवडा. आठवडा गेला, महिना गेला. अन्न नाही, वाचा नाही, नळीतून जाईल तेवढं पाणी. पण आबा जाईनात. आई फोनवर म्हणायची, "सकाळी एकदम डोळे उघडतात गं. कुणी बोलावल्यासारखे. अंगाला घाम फुटतो. रविवारी मात्र शांत असतात." रविवारी आमचा कारखाना बंद असतो. हे मी आईला कधी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगितलं नाही.

रजा काढून मी घरी गेले. आबांच्या जागी एक हलकं, वाळलेलं शरीर पडलं होतं. सकाळी त्यांच्या उशाशी बसले असताना मंजण्णाचा मेसेज आला. नमुन्याचा फोटो आणि खाली नेहमीचं, अप्पा बंदरु. मी मान वर केली. आबांचे डोळे सताड उघडे होते. उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत होता, कागद जोखावा तसा.

मी इंजिनिअर आहे. मी मंजण्णाला लिहिलं, मशीन थांबव. अंगठा थांबला, पापण्या अर्ध्या मिटल्या. मी लिहिलं, चालू कर. डोळे उघडले, आणि या वेळी त्यांच्या घशातून रोलर कोरडा फिरावा तसा आवाज आला. पुन्हा करून बघायचं धाडस मला झालं नाही. थांबव, असं लिहून मी फोन पालथा टाकला.

आई दारात उभी राहून बघत होती. तिला बाकी काही समजावावं लागलं नाही. भाजलेल्या प्लेटेबद्दल आबांनी तिला बंगळूरहून आल्या आल्या सांगितलं होतं म्हणे, आणि तेव्हापासून ती याचीच वाट बघत होती. "पुसून टाक," ती म्हणाली.

"आबा जिवंत आहेत, आई. जित्याला गोंद."

"याला जितं म्हणतेस?"

मी म्हटलं, मशीनच चढवायला नको, प्लेटा कपाटात ठेवून देऊ. ती म्हणाली, "गोंदाखाली ठेवलंस तर असेच पडून राहतील. ना इकडं ना तिकडं." मग मंजण्णाला सांगते पुसायला, असं मी म्हटलं. तिनं माझ्या हातांकडे बघितलं. ज्यानं बनवली त्यानंच पुसायची, हे मला तिनं सांगायची गरज नव्हती.

म्हणजे मला आबांना सोडून जायचं होतं. हात धरून बसले तर ते सुटणार नव्हते, आणि सोडवायला गेले तर त्यांच्या शेवटाला मी नसणार होते. खरं सांगते, मला ते जायला नकोच होते. मी काहीच केलं नाही तर माझा बाप रोज सकाळी चहानंतर येत राहील, हा विचार माझ्या मनात आला, आणि तो मला आवडला. त्याच क्षणी मी बॅग भरायला घेतली. निघताना आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय गार होते आणि त्यांना गोंदाचा वास येत होता.

बोम्मसंद्र्यात मंजण्णानं चारही प्लेटा उतरवून टेबलावर मांडल्या होत्या. मी काही सांगायच्या आधी त्यानं बूट काढून बाजूला ठेवले. औषधानं डागही हलला नाही. मग पॉलिश पेपर आणि पाणी घेतलं. पिवळी प्लेट गेली, गुलाबी गेली. निळी घासताना पाणी कोमट झालं, पण शेजारी भट्टी चालू होती, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही. काळ्या प्लेटेत आबा संपूर्ण होते. मिशा गेल्या, गाल गेले. डोळ्यांपाशी माझा हात थांबला. "निधान, मेडम," मंजण्णा म्हणाला, "स्वल्प निधान." हळू, जरा हळू. मी रडत हळूहळू प्लेटेवरचे ते डोळे पुसले. डाव्या भुवईच्या वर एक ठिपका राहिला होता. तो जाईना. मला राग आला, कुणाचा ते माहीत नाही, आणि मी तिथे जोर लावून घासलं, पत्र्याला ओरखडे पडेपर्यंत.

आईला फोन केला. ती म्हणाली, "झोपलेत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळे मिटून झोपलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा ठेवायला उठली, तेव्हा आबा गेलेले होते.

मी गाडी करून पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. माझ्यासाठी त्यांना ठेवलं होतं. आल्यागेल्या बायका म्हणत होत्या की चेहरा किती नितळ झालाय, एक सुरकुती नाही, जणू तरुणपणीचे. आईनं सगळ्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि आबांच्या कपाळावरचं कापड मला दिसेल तेवढं वर केलं. डाव्या भुवईच्या वर कातडी सोलवटली होती, रुपयाएवढी. तिथलं रक्त वाळलेलं होतं.

आईनं त्यावर हळूच गंध लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "इथं जरा जोरात लागला गं तुझा हात."

आता आई माझ्याकडे असते, सर्जापूर रोडला. तिचा फोटो ती कुणाला काढू देत नाही. छापखाना विकला, घराला कुलूप आहे. ओळखीचे विचारतात, इतक्या लांबून गावाकडचं कसं काय बघतेस? पूर्वी मी म्हणायचे, काय करणार, बंगळूर म्हणजे दुसरं टोक, इथून हात पोचत नाही. हल्ली मला तसं म्हणता येत नाही.